वाचकांचे प्रश्न: गरोदरपणातलं बीपी आणि त्यामागचं संशोधन

गेल्या अंकात गरोदरपणात वाढणाऱ्या रक्तदाबावर झालेल्या औषधचाचण्यांची माहिती दिली होती. त्यावर सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. काही घरच्या माणसांची, काही आशाताई, सिस्टर आणि शिकणाऱ्या डॉक्टरांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत औषधांच्या मात्रा आहेत, त्या कामावर असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. वाचून घरी गोळी सुरू करणं नको आणि चालू असलेली बंद करणंही नको.

प्रश्न: सकाळी घरभेटीत डिजिटल मशीनवर १४६/९२ आलं. दुपारी केंद्रात सिस्टरनी घेतलं तर १२८/८२. आता घरचे म्हणतात, आशाताईचं मशीन खोटं. कुठला आकडा धरू? (आशा सेविका, ता. जत)

उत्तर: दोन्ही धरा. दुपारच्या चांगल्या आकड्यानं सकाळचा वाईट आकडा पुसला जात नाही. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त, निदान चार तासांच्या अंतरानं दोनदा, ही वाढलेल्या बीपीची व्याख्या चाचण्यांतही वापरतात आणि दवाखान्यातही. वरचा किंवा खालचा, कुठलाही एक आकडा हद्दीबाहेर गेला तरी पुरे. तुमच्या पेशंटवर अजून शिक्का मारता येत नाही, पण तिला मोकळं सोडूनही चालणार नाही. त्याच दिवशी लघवीतल्या प्रोटीनची पट्टी, दुसऱ्या दिवशी पुन्हा बीपी, आणि दोन्ही आकडे वेळेसकट कार्डावर.

मशीनला खोटं ठरवण्याआधी दंड बघा. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेपनं घेर मोजा. नेहमीच्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी असं छापलेलं असतं. जत-आटपाडीकडं २१ चा दंड असलेल्या बायका काही कमी नाहीत. त्यांना हा पट्टा मोठा होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. उलट ३४ च्या दंडाला तोच पट्टा ओढूनताणून बांधला की आकडा फुगतो. दोन मापांचे पट्टे पिशवीत नसतील तर केंद्राकडं लेखी मागा.

मग बसणं. कामातून उठून आलेल्या बाईचं बीपी लगेच घेऊ नका. लघवी करून येऊ द्या, पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट. हात लोंबता राहिला की आकडा वाढतो, म्हणून कोपराखाली उशी ठेवून पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला आणा. केंद्रात गर्दी असली की नेमकं उलटं घडतं. बाईला डाव्या कुशीवर झोपवतात आणि वर राहिलेल्या उजव्या हाताला पट्टा बांधतात. तो हात हृदयाच्या वर असतो आणि आकडा १० ते १४ नी उतरतो. १२८/८२ असं आलं असेल का, हे सिस्टरना सरळ विचारा. राग येणार नाही, आला तर येऊ दे.

मशीनचाही प्रश्न आहेच. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून हिशोब करतं. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रोटीन जायला लागतं किंवा यकृत, किडनीला त्रास होतो त्या आजारात, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा बदलतो आणि कित्येक मशीनं तिथं कमी दाखवतात. म्हणजे जिला सगळ्यात जास्त धोका, तिच्याच बाबतीत मशीन गोड बोलतं. खरेदी करताना ‘गरोदरपणात आणि प्री-एक्लॅम्पसियात तपासलेलं’ असा पुरावा मागावा. क्रेडल नावाच्या संशोधन प्रकल्पात असंच हातपंपाचं, हिरवा-पिवळा-लाल दिवा दाखवणारं उपकरण आफ्रिका, हैती आणि आपल्या शेजारच्या गोकाक भागात वापरून बघितलं. पिवळा १४०/९० पासून, लाल १६०/११० पासून. २०१९ मध्ये आलेल्या निकालात नुसतं उपकरण वाटून मृत्यू आणि झटके (फिट) ठामपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. आम्हाला त्याचं नवल वाटत नाही. लाल दिवा लागल्यावर गाडी, गोळी आणि इंजेक्शन मिळालं नाही तर दिव्यानं काय होणार?

बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत क्लिप नावाची चाचणी २०१४ ते २०१६ दरम्यान झाली. आशा आणि सिस्टरनी घरी जाऊन बीपी घ्यायचं, गरज पडली तर मिथाइलडोपा (बीपीची गोळी) आणि मॅगसल्फ (झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन) यांची पहिली मात्रा देऊन पाठवायचं, अशी योजना. पाकिस्तान आणि मोझांबिकमधल्या आकड्यांसह एकत्रित निकालात गटागटांत फरक दिसला नाही. पण ज्या बायकांना आठ किंवा जास्त भेटी मिळाल्या, त्यांच्यात पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. अशा तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही, तरी तुमच्या भेटींची संख्या हलकी मानू नका.

काट्याच्या किंवा पाऱ्याच्या मशीनवर घेत असाल तर सेकंदाला २ मिमीच्या वेगानं उतरवा. आवाज पूर्ण थांबतो तो खालचा आकडा. गावातल्या सगळ्या कार्डांवर ओळीनं १२०/८० आणि ११०/७० दिसत असेल तर कोणीतरी मोजत नाहीये, लिहीत आहे. आणि १६०/११० आलं तर चार तासांचा नियम विसरा. १५ मिनिटांनी पुन्हा घ्या आणि तोवर १०८ ला फोन लागलेला असू द्या.

प्रश्न: सुनेला आठवा महिना आहे, पाय सुजलेत. मीठ बंद केलं, लोणचं-पापड बंद केलं, दिवसभर झोपवून ठेवतोय. एवढ्यानं बीपी चढणार नाही ना? (एक सासूबाई, तासगाव)

उत्तर: सूनबाईंना उठवा आणि भाजीत नेहमीएवढं मीठ घाला. मीठ तोडून प्री-एक्लॅम्पसिया टळतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्यासाठी मीठ तोडा म्हणत नाही. लोणचं-पापड कमी केलंत ते राहू द्या, पण अळणी खाऊन सून जेवायचीच कमी होईल. सक्तीनं झोपवून ठेवल्याचाही फायदा नाही. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो.

नुसती पायावरची सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, म्हणून ती आता निदानाच्या व्याख्येतही धरत नाहीत. तोंड आणि हात अचानक सुजले, बांगड्या चढेनाशा झाल्या, आठवड्यात किलोभरापेक्षा जास्त वजन वाढलं, तर बीपी आणि लघवी त्याच दिवशी तपासा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. बरगडीखालच्या दुखण्याला पित्त म्हणून सोडापाणी देतात आणि तिथंच वेळ जातो. ते दुखणं यकृताचं असू शकतं.

कॅल्शियम मात्र चुकवू देऊ नका. सरकारी कार्यक्रमात १४ आठवड्यांपासून रोज ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या देतात. बेंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० गरोदर बायकांवर झालेल्या चाचण्यांचा निकाल २०२४ मध्ये आला. रोजचे ५०० मिग्रॅ आणि १,५०० मिग्रॅ यांत प्री-एक्लॅम्पसियाच्या बाबतीत कमी मात्रा उणी पडली नाही. बेंगळुरूत ५०० च्या गटात ३.० टक्के, १,५०० च्या गटात ३.६. म्हणजे एखाद्या वेळी दुसरी गोळी राहिली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण दोन्ही राहतात तिथं कठीण आहे. कॅल्शियम जेवणानंतर, लोहाची गोळी त्यापासून निदान दोन तास लांब. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. चहाबरोबर तर नकोच.

प्रश्न: पहिल्या खेपेला बीपीमुळं ३२ आठवड्यांत सिझर झालं. आता पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन सांगितलंय. मेडिकलवाले म्हणाले, ही हार्टची, रक्त पातळ करायची गोळी. घ्यावी का? (एक वाचक, फलटण)

उत्तर: घ्यावी, आणि वेळेवर सुरू करावी. तुमच्यासारख्या बाईसाठीच ही गोळी आहे.

वार (प्लासेंटा) गर्भाशयात रुजताना तिथल्या बारीक वळणदार रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हायला लागतात. हे काम साधारण १६ ते २० आठवड्यांपर्यंत उरकतं. ते अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं, तिथून बाहेर पडणारे पदार्थ आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांना त्रास देतात आणि विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढतं. म्हणून गोळी लवकर हवी. सातव्या महिन्यात बीपी चढल्यावर ॲस्पिरिन सुरू करून उतरत नाही.

१९९४ मध्ये क्लॅस्प नावाच्या मोठ्या चाचणीत ९,३६४ बायकांना ६० मिग्रॅ ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. फायदा जेमतेम दिसला, त्यामुळं बरीच वर्षं डॉक्टर साशंक होते. २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत तीन गोष्टी बदलल्या. ११ ते १४ आठवड्यांत तपासणी करून धोका असलेल्या बायकाच निवडल्या, मात्रा १५० मिग्रॅ केली आणि गोळी रात्री दिली, ३६ आठवड्यांपर्यंत. १,७७६ बायका होत्या. ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्पसिया खोट्या गोळीच्या गटात ४.३ टक्के, ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. दिवस भरल्यावर होणारा प्रकार मात्र कमी झाला नाही. त्यामुळं ‘गोळी घेतली तरी बीपी झालंच’ असं पुढं झालं तर गोळी खोटी ठरत नाही. ३२ व्या आठवड्याऐवजी ३८ व्या आठवड्यात झालं, तर बाळाच्या दृष्टीनं तो मोठा पल्ला आहे.

या चाचणीत गोळ्या मोजून घेत होते. ज्यांनी दहापैकी नऊ किंवा जास्त गोळ्या घेतल्या, त्यांना फायदा अधिक झाला. आपल्याकडं ७५ आणि १५० मिग्रॅच्या गोळ्या मिळतात. किती ते तुमचे डॉक्टर वजन आणि धोका बघून ठरवतील. ॲस्पिरिनची ॲलर्जी, त्यानं दमा उठणं, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर आधी सांगा. ही गोळी कोणाला हवी याची यादी मोठी नाही: आधीच्या खेपेचा प्री-एक्लॅम्पसिया, जुनं बीपी, किडनीचा आजार, मधुमेह, ल्युपस, जुळी, यातलं एकही असलं तर पहिल्याच तपासणीत हा विषय तुम्हीच काढा.

प्रश्न: मॅगसल्फ देऊन पाठवा म्हणतात, पण श्वास थांबेल या भीतीनं आम्ही न देताच गाडीत घालतो. उपकेंद्रात देणं खरंच सुरक्षित आहे का? (आरोग्य सेविका, ता. पाटण)

उत्तर: न देता पाठवणं जास्त धोक्याचं. कोयनेच्या आतल्या गावातून कराड गाठेपर्यंत जो वेळ जातो, त्यात दुसरा झटका येऊ शकतो.

पुरावा भक्कम आहे. १९९५ मध्ये झटके आलेल्या १,६८७ बायकांवरच्या चाचणीत मॅगसल्फ आणि डायझेपाम समोरासमोर ठेवले. मॅगसल्फच्या गटात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. फेनिटॉइनपेक्षाही ते सरस ठरलं. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या १०,१४१ बायका होत्या. झटका अजून आलेला नाही पण प्री-एक्लॅम्पसिया आहे, अशांना मॅगसल्फ दिल्यावर झटके १.९ टक्क्यांवरून ०.८ वर आले. आपला देशही त्यात होता.

आता हातातलं काम. ५० टक्क्यांचा २ मिलीचा अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. उपकेंद्रातली पहिली मात्रा १० ग्रॅम, म्हणजे दहा अँप्युल. पाच अँप्युल, १० मिली, एका कुल्ल्यात आणि तेवढेच दुसऱ्यात, वरच्या बाहेरच्या चौथ्या भागात, लांब सुईनं खोल स्नायूत. सिरिंज दोन वेगळ्या. प्रत्येकीत २ टक्के लिग्नोकेन १ मिली मिसळलं तर आग कमी होते. अंगात गरम लाट येईल, घाम येईल हे आधी सांगा, नाहीतर नातेवाईक घाबरून हात धरतात. उपकेंद्रात शिरेतून देऊ नका. रुग्णालयात शिरेतून ४ ग्रॅम देतात तेव्हा चार अँप्युलचे ८ मिली अधिक १२ मिली सलाइन, असं २० मिली करून पाच मिनिटांत सावकाश. चूक होते ती इथंच: ग्रॅम आणि मिली यांची गल्लत, किंवा ५० टक्क्यांचं औषध पातळ न करता शिरेत. सिरिंज भरताना रिकामे अँप्युल ट्रेमध्ये ओळीनं ठेवा आणि मोठ्यानं मोजा. दुसऱ्या कोणाला तरी ऐकू गेलं पाहिजे.

श्वासाची भीती निराधार नाही, पण औषध आधी इशारा देतं. रक्तातलं प्रमाण चढलं की गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडेनासा होतो, आणि श्वास मंदावण्याची पाळी त्याच्याही पुढं येते. पुढची मात्रा, चार तासांनी ५ ग्रॅम एका कुल्ल्यात, देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, चार तासांत लघवी निदान १०० मिली झाली का. औषध किडनीतून बाहेर जातं, म्हणून लघवी आटली की ते साठतं. एकही अट चुकली तर मात्रा थांबवा. उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, शिरेतून सावकाश, ट्रेमध्ये मॅगसल्फच्या शेजारीच हवं. कपाटात कुलूपबंद नको. पहिल्या एका मात्रेनं, किडनी चालू असताना, श्वास थांबणं फार क्वचित घडतं. सडपातळ बायकांसाठी याहून कमी मात्रेची पद्धत सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात अभ्यासली गेली आहे, पण आपापल्या मनानं मात्रा कापू नका. तुमच्या केंद्राचा जो लेखी नियम आहे तोच.

झटका चालू असताना डाव्या कुशीवर वळवा, तोंडातली लाळ पुसा, पडू देऊ नका. दातांत चमचा घालणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, पाणी पाजणं, यातलं काही नको. पाठवताना चिठ्ठीवर मात्रा, जागा आणि घड्याळातली वेळ ठळक लिहा. तोंडी निरोप पोचत नाही आणि पुढच्या दवाखान्यात पुन्हा पूर्ण १४ ग्रॅम (शिरेतून ४ आणि कुल्ल्यांत १०) दिलं जातं. श्वास थांबण्याचा खरा धोका असेल तर तो इथं आहे.

प्रश्न: १६०/११० च्या वर बीपी, शिरेतून द्यायचं लॅबेटॅलॉल संपलेलं. तोंडानं गोळी देऊन चालेल का, आणि कुठली? (वैद्यकीय अधिकारी, ता. खानापूर)

उत्तर: चालेल, आणि याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं आहे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ बायकांवर तीन गोळ्यांची तुलना झाली, निकाल २०१९ मध्ये. निफेडिपिन १० मिग्रॅ, दर तासाला, ३० मिग्रॅपर्यंत. लॅबेटॅलॉल २०० मिग्रॅ, दर तासाला, ६०० पर्यंत. मिथाइलडोपा १,००० मिग्रॅ एकदाच. सहा तासांत वरचा आकडा १२० ते १५० आणि खालचा ७० ते १०० मध्ये आला आणि काही अघटित घडलं नाही, तरच यश मोजलं. निफेडिपिन ८४ टक्के, लॅबेटॅलॉल ७७, मिथाइलडोपा ७६. निफेडिपिन आणि मिथाइलडोपा यांतला फरक योगायोगापलीकडचा होता. इतर जोड्यांबद्दल तसं ठामपणे म्हणता येत नाही. तात्पर्य, जी गोळी कपाटात आहे ती द्या. दमा असेल तर लॅबेटॅलॉल टाळा.

यशाच्या व्याख्येतली खालची मर्यादा बघा. १२०/७० च्या खाली ओढलं तर तेही अपयशच धरलं, कारण वारेचा रक्तपुरवठा आईच्या दाबावर चालतो. म्हणून निफेडिपिन गिळायला द्या, जिभेखाली फोडून नको. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी बीपी. १६०/११० पक्कं झाल्यापासून ३० ते ६० मिनिटांत पहिली मात्रा पोटात गेलीच पाहिजे. मिरजेला पाठवायचं असेल तरी गोळी आधी, गाडी नंतर.

प्रश्न: बहिणीला ३५ आठवडे झालेत. बीपी आणि लघवीत प्रोटीन आहे. डॉक्टर बाळंतपण करून टाकू म्हणतात, आई म्हणते नऊ महिने भरू द्या. (एक वाचक, आटपाडी)

उत्तर: या आजारावर वार बाहेर काढणं हाच इलाज. गोळ्यांनी फक्त वेळ मिळतो. ३७ आठवडे झाल्यावर थांबण्यात काही मिळत नाही, यावर दुमत उरलेलं नाही. नेदरलँड्समधल्या २००९ च्या चाचणीत ७५६ बायका होत्या. ३६ आठवड्यांनंतर कळा आणल्यावर आईचे गंभीर त्रास ४४ टक्क्यांवरून ३१ वर आले आणि सिझर वाढली नाहीत. ३४ ते ३७ आठवड्यांचा प्रश्न अवघड. त्यावर भारत आणि झांबियात ५६५ बायकांची चाचणी झाली, निकाल २०२३ चा. ठरवून बाळंतपण केलेल्या गटात बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण थांबलेल्यांच्या सुमारे एक चतुर्थांश होतं. म्हणजे डॉक्टर घाई करत नाहीयेत. फक्त ३५ आठवड्यांच्या बाळाला श्वास, ऊब आणि दूध यासाठी नवजात कक्ष लागू शकतो. तो जिथं आहे तिथंच बाळंतपण करा. ऐन वेळी बाळाला वेगळ्या गाडीतून हलवणं टाळा.

कळा आणण्याबद्दलही नागपूरचा अभ्यास आहे, ६०२ बायकांचा, २०१७ मधला. तोंडानं मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम दर दोन तासांनी दिल्यावर २४ तासांत ५७ टक्के बाळंतपणं खालून झाली, फोलीच्या फुग्यानं (गर्भाशयाच्या तोंडाशी ठेवायची फुग्याची नळी) ४७ टक्के. आधी सिझर झालं असेल तर ही गोळी नको. आणि २०० ची गोळी ब्लेडनं कापून आठ तुकडे करणं बंद व्हायला हवं. तुकड्यागणिक मात्रा बदलते. २५ ची गोळी बाजारात मिळते.

प्रश्न: मेडिकल कॉलेजमध्ये बायकोला बीपीच्या संशोधनात नाव घाला म्हणाले. बारा पानी कागद दिलाय. आमच्यावर प्रयोग करणार का? (एक वाचक, ता. वाळवा)

उत्तर: प्रयोगच आहे, पण नियमांनी बांधलेला. वर ज्या गोळ्या-इंजेक्शनांवर आम्ही इतक्या खात्रीनं लिहिलं, ती खात्री अशाच कागदांवर सही केलेल्या बायकांमुळं आली आहे. म्हणून सही करायलाच हवी असं मात्र नाही.

कागद घरी न्या, दोन दिवस मागून घ्या. तो मराठीत असलाच पाहिजे. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवून वाचून दाखवायचा असतो. सही बायकोची. तुम्ही, सासूबाई, भाऊ, सगळ्यांनी चर्चा करा, पण तिनं नाही म्हटलं तर तिथं विषय संपतो. नाही म्हटल्यावर नेहमीचे उपचार तसेच मिळाले पाहिजेत, आणि मध्येच बाहेर पडलं तरी.

विचारा: गट किती, कोणता गट कोण ठरवतं? बहुधा कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकतो, डॉक्टरच्या मर्जीवर नसतं. दुसऱ्या गटाला काय मिळतं? खोटी गोळी असेल तर नेहमीचा उपचार त्याबरोबर चालू राहतो का? झटक्यांसाठी मॅगसल्फ न देता ‘बघू’ म्हणणारं संशोधन आज कोणतीही नीतिसमिती (संशोधनाला परवानगी देणारी समिती) मान्य करणार नाही. रक्त किती वेळा, किती मिली, आणि नमुना साठवून पुढं दुसऱ्या कामाला वापरणार का? गाडीभाडं कोण देणार? त्रास झाला तर? २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधांच्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत आणि चाचणीमुळं इजा झाल्याचं ठरलं तर भरपाई. कागदावर नीतिसमितीचा फोन नंबर असतो, तो लावून बघा. सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांकही मागा. २००९ पासून औषधचाचण्यांना ही नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर सही करू नका.

गोळ्या मिळाल्यावर एक पथ्य: जाऊ ‘मलाही बीपी आहे’ म्हणाली म्हणून तिला त्यातली देऊ नका. उरलेल्या गोळ्या आणि रिकामं पाकीट परत न्यायचं असतं, ते मोजतात.

प्रश्न: एम.एस.च्या प्रबंधासाठी ‘प्री-एक्लॅम्पसियात ॲस्पिरिनचा परिणाम’ घ्यायचा विचार आहे, ६० पेशंट. कसं वाटतं? (निवासी डॉक्टर, मिरज)

उत्तर: नका घेऊ. वरच्या ॲस्प्री चाचणीतला ४.३ वरून १.६ टक्के हा फरक पकडायचा तर ८० टक्के ताकदीसाठी (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात ६०० हून जास्त बायका लागतात, गळती वेगळीच. ६० मध्ये जेमतेम दोन घटना होतील आणि निकाल काहीही येईल.

गळती इथं ठरलेली असते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, नाव मिरजेच्या यादीत आणि बाळंतपण विजापूरला. नोंद करतानाच माहेरचं गाव, तिथल्या आशाताईचा आणि भावाचा नंबर घ्या. दुसरा खड्डा म्हणजे आठवडे. ‘होळीच्या आसपास पाळी आली होती’ यावर २० आठवड्यांची रेघ ओढता येत नाही. पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी असलेल्याच बायका घ्या. तिसरा लघवीचा. पट्टी ६० सेकंदांनी वाचायची असते आणि डबी उघडी राहून दमट झालेली पट्टी काहीही सांगते. पांढरं जात असेल तर प्रोटीन खोटं दिसतं. प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.३ ही हद्द धरा. २४ तासांची लघवी घेणार असाल तर पहिली सकाळची टाकून द्यायची आणि दुसऱ्या सकाळची धरायची. निम्म्या बाटल्या इथंच चुकतात.

छोट्या संख्येत खरं उत्तर देणारे प्रश्न भरपूर आहेत. १६०/११० ची नोंद झाल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती मिनिटं गेली? हे घड्याळ लावून मोजा, कारणं लिहा. किंवा वॉर्डातलं डिजिटल मशीन आणि दोन प्रशिक्षित माणसांचं हातानं घेतलेलं बीपी यांची तुलना. सर्वसाधारण तपासणीत पास झालेल्या मशीनला गरोदरपणासाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीनं ४५ बायका पुरतात: १५ बीपी नसलेल्या, १५ नुसतं बीपी असलेल्या, १५ प्री-एक्लॅम्पसियाच्या. तीन वर्षांत हे होतं, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या बॅचला वॉर्डातल्या मशीनवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं.

प्रश्न: माहेरी आलेय, बाळंतपणाला चार दिवस झाले. गरोदरपणी १५०/१०० होतं. आता बरं वाटतंय, गोळ्या बंद करू का? (एक बाळंतीण, कोरेगाव)

उत्तर: आज बंद करू नका, आज मोजा. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर चढतं, नेमकं घरी सोडल्यावर. झटकेही बाळंतपणानंतर येऊ शकतात. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाला बघायला येतात, तेव्हा दंड पुढं करा. डोकं दुखलं तर ‘बाळंतिणीला वारं लागलं’ म्हणून कान बांधण्याआधी बीपी घ्या. १५०/१०० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

दूध पाजताना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालॅप्रिल चालतात. एनालॅप्रिल फक्त गरोदरपणात वर्ज्य. मिथाइलडोपा चालू असेल तर ती बदलून मागा, बाळंतपणानंतर तिनं मन उदास होतं. मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यावरून उतरवायची. ऑक्सफर्डच्या २०२३ च्या चाचणीत २२० बाळंतिणींपैकी निम्म्यांनी घरी रोज बीपी मोजून, डॉक्टरांच्या दूरच्या सल्ल्यानं गोळ्या कमी केल्या. नऊ महिन्यांनी त्यांचा खालचा आकडा नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरासरी जवळजवळ ६ नी कमी होता.

सहा आठवड्यांनी बीपी आणि लघवी पुन्हा. तेव्हाही वाढलेलं असेल तर ते गरोदरपणाचं नाही, कायमचं असू शकतं. उतरलं तरी वर्षातून एकदा मोजत राहा. पुढं हृदयविकाराचा धोका तुम्हाला इतरांच्या साधारण दुप्पट आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘बीपी होतं’ एवढंच लिहिलं असेल तर सासरी जाण्याआधी सगळ्यात वरचा आकडा, किती आठवड्यांत आला तो आठवडा आणि लघवीतलं प्रोटीन डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढच्या खेपेला ॲस्पिरिन द्यायची की नाही, हे त्या तीन नोंदींवर ठरेल.